फॉर्सिथसाहेबाची रायफल

महाशिवरात्र जवळ आली की विदर्भातून 'महादेवाला' निघणाऱ्यांची रीघ लागते. छिंदवाड्यामार्गे पचमढी, तेथून चौरागडाची चढण, खांद्यावर त्रिशूळ. या पचमढीचा शोध कॅप्टन जेम्स फॉर्सिथ नावाच्या इंग्रजाने लावला असे नेहमी सांगितले जाते. ज्या डोंगरावर आपले आजे-पणजे पायी जात आले आणि जेथे कोरकू ठाकुरांची सत्ता होती, त्या डोंगराचा शोध परक्या माणसाने लावला म्हणणे ही गंमतच आहे. परंतु याच फॉर्सिथने दुसऱ्या एका प्रश्नाचा मुळापासून विचार केला होता. मोठ्या जनावराच्या शिकारीला निघताना कोणती रायफल हाती घ्यावी, हा तो प्रश्न. त्याच्या आयुष्याची हकीकत मी या प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहे, कारण तो माणूस मला तेथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

फॉर्सिथचा जन्म १८३८ चा. विलायतेत एम. ए. होऊन तो हिंदुस्थानात आला आणि लष्करी हुद्दा असूनही वनखात्याच्या कामाला लागला. तो काळ आपल्या नागपूरच्या इतिहासातील मोठ्या उलथापालथीचा होता. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले, आणि १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख व सागर-नर्मदेचा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत बनविण्यात आला. नागपूर त्याची राजधानी झाली. १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल येथे चीफ कमिशनर म्हणून आला. नव्या प्रांतात डोंगर किती, साग किती, माणसे कोण, याची सरकारला नीट माहिती नव्हती. दुसरीकडे रेल्वेचे रूळ पुढे सरकत होते आणि त्यांच्याखाली घालायला लाकूड हवे होते. ही सारी पाहणी करण्यासाठी टेंपलने ज्याला सातपुड्यात पाठविले तो चोवीस वर्षांचा फॉर्सिथ होता.

त्याच सुमारास त्याने शिकारीच्या रायफलीवर इंग्रजीत एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नळीच्या आत पेच कापलेले असले की बंदुकीला रायफल म्हणतात. पेचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि वाट सोडीत नाही. त्या काळी लष्करात लांबट, टोकदार गोळीची चलती होती. १८५३ ची एनफील्ड रायफल तशीच. तिचीच काडतुसे पुढे १८५७ च्या उठावाला निमित्त झाली. सिंधमधील जनरल जॉन जेकब याने तर दोन हजार वारांपर्यंत नेम धरण्याची सोय असलेली रायफल तयार केली होती. लांबचा मारा म्हणजे उत्तम रायफल, असा साधारण समज होता, आणि शिकारीही लष्कराचे पाहून तसलीच हत्यारे घेत.

फॉर्सिथने प्रश्न उलटा धरला. आमच्या रानात जनावर दिसते तरी किती अंतरावर? बांबूची बेटे, साग-ऐनाची दाटी, नाल्याचे वळण. शंभर वारांच्या पलीकडे गोळी झाडण्याची वेळ फारशी येतच नाही. मग दोन हजार वारांची रायफल कशाला? उलट तिचा तोटाच होतो. लांबट गोळी जड, तिच्यामागे दारू थोडी, म्हणून ती सावकाश जाते आणि तिची वाट कमानीसारखी वाकते. नेम धरताना जनावर नेमके किती वारांवर आहे हे ठरवावे लागते. पहाटेच्या अंधुक उजेडात, गवतात अर्धवट दिसणाऱ्या सांबराचे अंतर कोण अचूक सांगणार? वीस-तीस वारांची चूक झाली तर गोळी पाठीवरून तरी जाते, नाहीतर पोटात लागते.

त्याचे उत्तर होते मोठ्या तोंडाची, दुनळी, ठासणीची रायफल आणि तिच्यात साधी गोल गोळी. एका रतल शिशात चौदा गोळ्या बसतील एवढी, म्हणजे प्रत्येकी सुमारे बत्तीस ग्रॅमची. तिच्यामागे दारू भरपूर ठासायची, म्हणजे गोळी वेगाने सुटेल आणि शंभर वारांपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत जाईल. अंतराचा हिशेबच नको. येथे अडचण एकच होती. पेच जर जवळ-जवळ वळणारे असतील तर जादा दारूच्या धक्क्याने मऊ शिशाची गोळी पेचांत फिरतच नाही, ती पेच ओलांडून तशीच घसरत बाहेर पडते आणि भरकटते. म्हणून त्याने सांगितले की पेच अगदी संथ वळणाचे असावेत, साडेआठ-पावणेनऊ फुटांत फक्त एक वेढा. नळी तर एवढी लांब नसतेच, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा एक फेराही पूर्ण होत नाही. पण गोल गोळीला तेवढे फिरणे पुरते. ठासणीच्या बंदुकांची हौस असलेल्या लोकांत या पेचांना आजही फॉर्सिथचेच नाव आहे.

हे शास्त्र त्याच्या रोजच्या भटकंतीशी जोडलेले होते. पचमढीच्या पठारावर त्याने स्थानिक माणसांच्या मदतीने जे घर बांधले त्याचे नाव बायसन लॉज. पुढे त्या इमारतीत संग्रहालय झाले. गोरे शिकारी गव्यालाच बायसन म्हणत, जरी खरा बायसन हा अमेरिका-युरोपातला वेगळा प्राणी आहे. पचमढीवरून तो नर्मदेच्या उगमापर्यंत, अमरकंटकला गेला, छत्तीसगडच्या सपाटीवर उतरला, सालवनांतून फिरला. बैतूलच्या बाजूला एका नरभक्षक वाघाने वाटा बंद पाडल्या होत्या. शंभरावर माणसे त्याने खाल्ली असा अंदाज होता. त्या वाघालाही त्याने मारले. पुढे तो निमाड जिल्ह्यात जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा अधिकारी झाला. आपल्या भटकंतीवर त्याने मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखाचे मोठे पुस्तक लिहिले. ते १८७१ मध्ये लंडनला निघाले आणि त्याच वर्षी तो तेथे वारला. वय अवघे तेहतीस.

त्या पुस्तकात गोंडांच्या लिंगो देवाची कथा इंग्रजी पद्यात आहे. तिचे मूळ नागपूरचे आहे. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी ती गोळा केली होती. १८६३ मध्ये ते नदीच्या पुरात बुडून वारले आणि त्यांचे कागद टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. जंगलात राहणाऱ्यांचे देव, सण, शेती यांविषयी फॉर्सिथने पुष्कळ लिहिले आहे. तथापि तो सरकारचा माणूस होता हे विसरता येत नाही. झाडे जाळून राखेत पेरणी करण्याची जी दाह्याची शेती, तिच्याकडे तो सागाची नासाडी म्हणून पाहतो. रेल्वेला लाकूड हवे होते, जंगले राखीव होऊ लागली, आणि त्या रेघेच्या आत ज्यांची पेरणी होती त्यांना बाहेर व्हावे लागले. ज्या नजरेने त्याने अंतर मोजले त्याच नजरेने झाडेही मोजली.

आता रायफलीकडे पुन्हा येतो. पोटात गोळी लागलेला वाघ किंवा गवा लगेच मरत नाही. तो दाट झाडोऱ्यात शिरतो आणि दबा धरून बसतो. त्याच्यामागे कोणाला तरी जावे लागते. साहेब पुष्कळदा हत्तीवर किंवा मचाणावर असे. जमिनीवर असत ते हाकारे, हातात कुऱ्हाड नाहीतर नुसता डबा. माझा आजा शिकारबंदीच्या आधी पोरवयात हाक्याला जात असे, एका दिवसाच्या मजुरीवर. तो सांगे की हाक्यात सगळ्यांचे कान बाराच्या आवाजाकडे असत. एक बार झाला आणि रान शांत झाले तर बरे. दोन-तीन बार होऊन गडबड उडाली की म्हातारी माणसे पोरांना झाडावर चढायला सांगत.

फॉर्सिथचा ग्रंथ हाकाऱ्यांसाठी लिहिलेला नव्हता. जनावर जागीच पडावे ही त्याची धडपड शिकाऱ्याची होती. पण रायफल चुकीची निवडली तर तिची किंमत निवडणारा क्वचितच मोजतो, ती त्या डबा वाजवणाऱ्या माणसाला मोजावी लागते. म्हणून मला असे वाटते की अंतराचा तो कोरडा हिशेब हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत माणुसकीचा हिशेब होता, त्याच्या मनात ते असो वा नसो. आपण कोठे उभे आहोत, समोर किती दिसते आहे आणि चूक झाली तर कोणाच्या अंगावर येईल, एवढे पाहून हत्यार उचलावे. बंदुकीच्या जागी कायदा, योजना किंवा लेखणी ठेवली तरी हे लागू पडते. जंगल राखीव करताना मात्र फॉर्सिथच्या सरकारने हा तिसरा प्रश्न विचारला नाही.

त्याची ठासणीची रायफल लवकरच जुनी झाली. मागून काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या, धूर न करणारी दारू आली, आणि अखेर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो खेळ संपविला. टिकली ती त्याची पाहणी. पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात मुख्य सालवनापासून फार दूर सालाचा एक लहानसा तुकडा आहे आणि सालवनातलाच बारशिंगा तेथेही आहे, हे त्याने बारकाईने नोंदविले होते. पुढे सातपुड्यातून तो बारशिंगा नाहीसा झाला. २०१५ पासून कान्ह्याचे बारशिंगे आणून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आले. हे जनावर पूर्वी या डोंगरांत होते, याची साक्ष शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एका शिकाऱ्याने लिहून ठेवली होती.