डॉ. ऑयगेन ब्लॉयलर

स्वित्झर्लंडमध्ये झुरिच सरोवराच्या काठी झोलिकोन नावाचे गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात ३० एप्रिल १८५७ रोजी ऑयगेन ब्लॉयलर यांचा जन्म झाला. त्यांची थोरली बहीण तारुण्यातच मनोविकाराने ग्रासली गेली. झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचे त्या काळचे प्रमुख जर्मनीहून आलेले असत. ग्रांथिक जर्मन बोलणाऱ्या त्या विद्वानांना तेथील लोकांची बोली उमगत नसे. मग रोग्याच्या अंतरीची व्यथा त्यांना कशी कळावी? घरी कोंकणी व शाळेत मराठी बोलणाऱ्या आपणांस ही अडचण समजावून सांगावयास नको.

वैद्यकाचे शिक्षण संपवून १८८६ साली ब्लॉयलर ऱ्हायनाऊ येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. ऱ्हाईन नदीतील बेटावरच्या एका जुन्या मठात ते रुग्णालय होते. बारा वर्षे हा अविवाहित वैद्य रोग्यांच्या सहवासात राहिला. तो त्यांच्याबरोबर काम करी, फिरावयास जाई आणि त्यांचे असंबद्ध वाटणारे बोलणे त्यांच्याच बोलीत शांतपणे ऐकून घेई. पुढे १८९८ मध्ये ते बुर्गहोल्झ्लीचे प्रमुख झाले, तेव्हा आपल्या आजारी बहिणीला त्यांनी तेथील स्वतःच्या घरी ठेवून घेतले.

या रोगात बुद्धी अकाली लयास जाते, असे तोवर मानीत. ब्लॉयलर यांना अनुभव निराळा आला. कित्येक रोगी सुधारत. म्हणून १९०८ साली त्यांनी रोगास 'स्किझोफ्रेनिया', म्हणजे छिन्नमनस्कता, हे नवे नाव दिले. एका देहात दोन माणसे असा त्याचा अर्थ पुष्कळजण करतात, तो चुकीचा आहे. विचारांचा परस्परांशी व भावनांशी असलेला सांधा निखळणे, हा खरा अर्थ. हे निखळणे मूळ लक्षण आणि भास व भ्रम ही मागाहून उद्भवणारी लक्षणे, असे त्यांनी १९११ च्या ग्रंथात प्रतिपादिले. अलीकडे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतही असे दिसले आहे की, विचारांच्या विस्कळीतपणावर आनुवंशिकतेचा प्रभाव भ्रमांपेक्षा अधिक असतो.

परंतु आनुवंशिकतेच्या याच विचाराने त्यांच्याकडून एक अन्यायही घडविला. रोग्यांना संतती होऊ नये म्हणून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्यास त्यांनी पाठिंबा दिला. इतक्या दयाळू पुरुषाच्या चरित्रातील ही गोष्ट झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकास हा रोग झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा त्यापासून मुक्त राहतो, हे आज ठाऊक आहे. रोगाचा भार कोणा एका जनुकावर नसून शेकडो जनुकांचा अल्प अल्प वाटा व जीवनातील परिस्थिती मिळून तो उद्भवतो.

ब्लॉयलर १५ जुलै १९३९ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र मानफ्रेड हेही पुढे बुर्गहोल्झ्लीचे प्रमुख झाले. २०८ रोग्यांचा व त्यांच्या कुटुंबांचा वीसाहून अधिक वर्षे मागोवा घेऊन त्यांनी १९७२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या रोग्यांची बहुसंख्य मुले निरोगी निघाली होती.