रेव्हरंड टिळकांची वाट

पाचोडास कीर्तनानंतर एका तरुणाने विचारले, माळ घातली म्हणजे तरलो ना? तेव्हा नारायण वामन टिळक आठवले. जन्म १८६१, कोकणातला, संस्कृताचे पंडित. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. घरदार दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे अंतरल्या. पण बाप्तिस्मा झाला म्हणजे तारण पुरे झाले, असे त्यांनी मानले नाही. तुकोबांना सोडले नाही. ख्रिस्ताला अभंगांतून आळविले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा होती. १९१९ साली देह ठेवला, तोवर साधना चालूच. वाट निराळी, पण खूण ओळखीची. भाविकहो, माळ एका दिवशी पडते. वारकरी रोज व्हावे लागते.