रॉबर्ट वॉरिंग्टन (रसायनशास्त्रज्ञ)

रॉबर्ट वॉरिंग्टन (७ सप्टेंबर १८०७ – १७ नोव्हेंबर १८६७) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ होते. लंडन येथील केमिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. काचेच्या पात्रातील पाणी वारंवार न बदलता मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांच्या परस्परसंबंधातून ते दीर्घकाळ निर्मळ राखता येते, हे त्यांनी १८५० मध्ये प्रयोगानिशी मांडले. वनस्पतियुक्त मत्स्यटाकीच्या शास्त्राचा पाया या प्रयोगाने घातला गेला, असे मानले जाते. त्यांचे पुत्र रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) हेही रसायनशास्त्रज्ञ होते. नावे सारखीच असल्याने दोघांच्या कार्याची गल्लत होऊ शकते.

जन्म आणि शिक्षण

वॉरिंग्टन यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील जहाजांना अन्नसामग्री पुरविण्याचा व्यवसाय करीत. १८२२ मध्ये ते जॉन टॉमस कूपर या रसायनशास्त्रज्ञांकडे पाच वर्षांच्या करारावर उमेदवारीस लागले. त्यांचे रसायनशास्त्राचे शिक्षण विद्यापीठाच्या वर्गात नव्हे, तर प्रयोगशाळेत काम करीत झाले. १८२८ मध्ये लंडन विद्यापीठात अध्यापन सुरू झाल्यावर ते तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड टर्नर यांचे साहाय्यक झाले.

कारकीर्द

१८३१ ते १८३९ या काळात वॉरिंग्टन यांनी लंडनमधील एका मोठ्या मद्यनिर्मिती कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केले. १८४१ च्या फेब्रुवारीत त्यांनी रसायनशास्त्रज्ञांची बैठक बोलावली. तिच्यातून त्याच वर्षी ३० मार्च रोजी केमिकल सोसायटी स्थापन झाली. टॉमस ग्रॅहम हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. वॉरिंग्टन यांनी सुमारे दहा वर्षे चिटणीसपद सांभाळले.

१८४२ मध्ये सोसायटी ऑफ अपॉथिकरीज या औषधविक्रेत्यांच्या संस्थेने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत नेमले. औषधे शुद्ध आहेत की नाहीत हे तपासणे हे तेथील महत्त्वाचे काम होते. चहातील भेसळीचाही त्यांनी अभ्यास केला. बाजारात येणाऱ्या हिरव्या चहाला प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य आणि जिप्सम लावून रंग आणला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. १८६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

पूर्वपीठिका

बंद हंडीत जळती मेणबत्ती ज्या हवेत विझते, ती हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा ज्वलनास योग्य होते, असे जोसेफ प्रिस्टली यांना १७७१ च्या सुमारास आढळले होते. हे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग सूर्यप्रकाशातच करतात, हे यान इंगेनहौझ यांनी १७७९ मध्ये सिद्ध केले. प्राणी ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि प्रकाशात वनस्पती याच्या उलट करतात, हे तत्त्व त्यामुळे परिचित होते. परंतु माशांच्या पात्रातील पाणी मात्र सतत बदलावेच लागे; न बदलल्यास मासे गुदमरून मरत. परिचित तत्त्वाचा उपयोग करून हे पाणी राखता येईल का, हा वॉरिंग्टन यांच्यापुढील प्रश्न होता.

१८४९ चा प्रयोग

वॉरिंग्टन यांनी बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५५ लिटर क्षमतेचे काचपात्र घेतले. त्यात पाणी, वाळू, चिखल व दगड घालून व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. काही दिवस सर्व सुरळीत चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवट शेवाळ चढले. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवीत होती, परंतु तिच्याच मृत पानांनी पाणी बिघडत होते.

तळ्यांमध्ये अशी घाण साचून का राहत नाही, याचा विचार करून त्यांनी पात्रात पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. त्यांच्या अंड्यांतून व पिल्लांतून माशांना अन्नही मिळू लागले. ४ मार्च १८५० रोजी केमिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी हा वृत्तांत मांडला. प्राणी आणि वनस्पती ही जोडी अपुरी असून कुजणारे द्रव्य पुन्हा चक्रात आणणारा तिसरा घटक आवश्यक आहे, हे या निबंधाचे वेगळेपण होय. पहिल्या टप्प्यातील अपयश त्यांनी लपविले नाही. या अपयशातूनच तिसऱ्या घटकाची गरज स्पष्ट झाली होती.

खाऱ्या पाण्यातील प्रयोग आणि मत्स्यालयांची लाट

यानंतर वॉरिंग्टन यांनी समुद्राच्या पाण्यावर असेच प्रयोग केले. याच सुमारास निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस हेही स्वतंत्रपणे या विषयावर काम करीत होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि पुढील वर्षी गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर इंग्लंडमध्ये घरोघरी काचटाक्या ठेवण्याची लाट आली. तथापि अनेकांनी लहान टाकीत फार मासे कोंबले आणि पाणी बिघडून ते मेले. लोकांनी टाकी घेतली, पण तिच्यामागील समतोलाचे तत्त्व घेतले नाही. एका दशकाच्या आतच ही लाट ओसरली.

पुत्राचे संशोधन आणि चौथा घटक

माशांच्या उत्सर्गातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. वॉरिंग्टन यांच्या टाकीत या अमोनियाचे काय होत होते, याचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. जमिनीत अमोनियापासून नायट्रेट बनण्याची क्रिया सूक्ष्मजीव घडवितात, हे १८७७ मध्ये फ्रान्समधील श्लोझिंग व म्युंत्झ यांनी दाखविले. पुढील वर्षापासून धाकट्या वॉरिंग्टन यांनी रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात हाच विषय हाती घेतला. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, प्रथम अमोनियाचे नायट्राइट आणि नंतर नायट्राइटचे नायट्रेट होते, तसेच तिला चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याची गरज असते, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. हे जीवाणू वेगळे करण्याचे श्रेय प्रामुख्याने सर्गेई विनोग्राडस्की यांना दिले जाते. पित्याच्या टाकीत अदृश्यपणे काम करणारा चौथा घटक अशा रीतीने पुत्राच्या पिढीत उजेडात आला. पुत्राचे संशोधन मात्र शेतजमिनीसाठी होते.

आधुनिक आकलन आणि मर्यादा

पाण्याचे रसायन स्थिर राखणे म्हणजे ते अचल ठेवणे नव्हे. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढतो. रात्री श्वसनामुळे तो उतरतो. हा चढउतार मर्यादेत ठेवण्याचे काम पाण्यातील बायकार्बोनेट करते. जीवाणूंकडून १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्च होते. ती संपल्यास सामू झपाट्याने घसरतो. याउलट सामू व तापमान वाढल्यास अमोनियाचा विषारी अंश वाढतो.

वॉरिंग्टन यांच्या पात्रात मासे दोनच होते आणि त्यांचे बरेचसे अन्न आतच तयार होत होते. आजच्या टाकीत रोज बाहेरून खाद्य पडते, म्हणजे नायट्रोजनची भर पडत राहते. बाष्पीभवनात केवळ पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून त्यांचा प्रयोग पाणी कधीच न बदलण्याचा परवाना म्हणून वाचणे योग्य नाही. मासे कमी, वनस्पती भरपूर आणि पाणी थोडेथोडे बदलणे, ही आजची रीत त्याच तत्त्वावर उभी आहे.

पूर्व विदर्भाच्या संदर्भात

हे तत्त्व काचटाकीपुरते मर्यादित नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत मालगुजारी तलाव (मामा तलाव) मोठ्या संख्येने आहेत. त्यांवर सिंचन आणि ढिवर समाजाची मासेमारी अवलंबून आहे. पाण्याखालील वनस्पती, गोगलगायी, मासे आणि गाळातील जीवाणू यांचे चक्र या तलावांतही चालते. सांडपाणी मिसळल्यास नायट्रोजन व फॉस्फरस वाढून शेवाळ माजते, रात्री ऑक्सिजन घटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडताना दिसतात. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला की आतील वनस्पतींना प्रकाश मिळत नाही. चंद्रपूर शहरातील रामाळा तलावास सांडपाणी व जलपर्णी या दोन्ही समस्यांना तोंड द्यावे लागले आहे.

चंद्रपूरचे उन्हाळी तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. उष्णतेत माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. त्यामुळे येथील घरगुती टाकी आणि उथळ तलाव या दोन्हींचा समतोल वैशाख-ज्येष्ठात सर्वाधिक नाजूक असतो.

निधन

वॉरिंग्टन यांनी १८६६ पर्यंत अपॉथिकरीज संस्थेत काम केले. १७ नोव्हेंबर १८६७ रोजी डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टरटन येथे त्यांचे निधन झाले. रसायनशास्त्राच्या इतिहासात केमिकल सोसायटीच्या स्थापनेसाठी, तर मत्स्यपालनाच्या इतिहासात १८५० च्या निबंधासाठी त्यांची नोंद घेतली जाते.