नगरची चांदबिबी

वेढा म्हटला की आपणा नाशिककरांना रामशेज आठवतो. १६८२ पासून काही वर्षे त्या लहानशा किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजांना दाद दिली नाही. परंतु त्याआधी सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे, शेजारच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एका स्त्रीने किल्ला लढविला होता. नाशिकचा मुलूखही तेव्हा त्याच निजामशाहीत होता. त्या चांदबिबीविषयी भगिनींसाठी चार शब्द लिहावेत असे मला वाटले.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची कन्या. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचे लग्न झाले. १५८० मध्ये पतीचा खून झाला. गादीवर आलेला पुतण्या इब्राहिम अवघा नऊ वर्षांचा. त्याच्या नावाने तिने कारभार पाहिला. सत्तेला हपापलेल्या एका सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. तेथून सुटून ती पुन्हा कामाला लागली आणि पुढे माहेरी आली.

माहेरीही गादीवरून तंटे चालले होते. १५९५ मध्ये त्यांतल्याच एका पक्षाने अकबराचा मुलगा मुराद यास मदतीला बोलाविले आणि वर्षअखेर मोगल फौज किल्ल्याला भिडली. चांदबिबीने बालराजा बहादुरचा पक्ष घेऊन किल्ला ताब्यात ठेवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांनी काही शोधून निकामी केले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडालाच. तटाला भलेमोठे खिंडार पडले, लोक पळू लागले. तेव्हा बुरखा घेऊन, हाती तलवार धरून ती स्वतः खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले परतविले आणि रातोरात खिंडार बुजवून पुरुषभर उंचीची भिंत उभी केली. मोगलांकडे धान्याची टंचाई होती, सरदारांत बेबनाव होता. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला आणि बहादुर गादीवर राहिला.

येथवरची कथा सर्वांना ठाऊक असते. पुढची मला अधिक महत्त्वाची वाटते. १६०० मध्ये अकबराचा दुसरा मुलगा दानियाल चालून आला. या वेळी किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले. बालराजाचा जीव वाचावा म्हणून ती बोलणी करू पाहत होती. ती फितूर झाली अशी हाकाटी आतल्याच एकाने उठविली आणि तिच्याच सैनिकांनी तिला ठार केले. मग लवकरच, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. जे तिला टाळायचे होते तेच घडले.

लढताना तिला शूर म्हणणारे, ती तहाचे बोलताच तिच्यावर उठले. मला मात्र तिचे हे दुसरे धैर्य पहिल्याहून मोठे वाटते. खिंडारात उभे राहताना निदान आपली माणसे पाठीशी असतात. येथे ती एकटी होती.

नगरजवळच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल म्हणून एक इमारत दाखवितात. वास्तविक ती सलाबतखानाची कबर आहे. परंतु लोकांनी तिला नाव दिले ते चांदबिबीचेच. जिला तिच्या माणसांनी फितूर ठरविले, तिला लोकांनी असा न्याय दिला, असे मी समजते.