सार्वजनिक काका : जनतेचे वकीलपत्र घेणारा वकील

पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' या नावानेच ओळखले जातात. काँग्रेसच्या स्थापनेआधी १५ वर्षे त्यांनी पुण्यात लोकप्रतिनिधित्वाचा जो पाया घातला, तो आजही समजून घेण्यासारखा आहे.

सार्वजनिक सभा कशी जन्मली?
जोशी यांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुढे पुण्यात त्यांनी वकिली केली. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायला संस्था हवी, या गरजेतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली.

वेगळेपण काय होते?
अशिलाने वकीलपत्र दिल्याशिवाय वकील कोर्टात उभा राहू शकत नाही. सभेने हेच तत्त्व राजकारणाला लावले. सभासद होण्यासाठी किमान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. त्यामुळे 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या सरकारच्या प्रश्नाला सभेकडे लेखी उत्तर होते. मतदानाचा हक्क नसलेल्या काळात ही मोठी गोष्ट होती.

सभेने काय केले?
न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले आणि सभेच्या कामाला बळ मिळाले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. कोर्टकचेरीच्या खर्चातून लोकांची सुटका व्हावी म्हणून तंटे आपसात मिटवणारे लवाद कोर्टही चालवले. काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचे प्रतिनिधी म्हणून ते खादीच्या साध्या वेशात हजर राहिले.

सर्वांत अवघड खटला कोणता?
१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्यांनी सरकारविरुद्ध सशस्त्र बंड केले होते. पुण्यातील सुशिक्षित मंडळींवर सरकारची आधीच करडी नजर होती. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे. शिवाय काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा, सनदशीर, फडक्यांचा शस्त्राचा. तरीही काका त्यांच्या बचावासाठी कोर्टात उभे राहिले. मार्ग पटो वा न पटो, आरोपीची बाजू मांडली गेलीच पाहिजे, हा वकिलीचा धर्म त्यांनी पाळला. फडक्यांना जन्मठेप झाली, त्यांची रवानगी एडनला झाली आणि १८८३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?
काका १८८० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी गेले. खटला हरला, पण बंडखोरालाही वकील मिळाला. लोकांच्या नावाने बोलणाऱ्याकडे लोकांची संमती हवी आणि सरकारला नकोशा असलेल्या माणसालाही बचावाचा हक्क हवा, ही दोन तत्त्वे त्यांनी राज्यघटनेच्या कितीतरी आधी आचरणात आणली. लोकशाही आणि न्याय आजही त्यांवरच उभे आहेत.