एका ओळीतली घरे : जॉन वुड

'रो-हाउस' हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. एकाला एक लागून घरे, मधली भिंत सामाईक, आणि पुढे मात्र प्रत्येकाचा रंग वेगळा, ग्रिल वेगळी. अशा ओळीतल्या घरांना राजवाड्याचे रूप देणारा स्थपती म्हणजे इंग्लंडमधल्या बाथ गावचा जॉन वुड.

जन्म 1704 चा, बाथचाच. वडील बांधकामे करीत. तरुणपणी वुडने लंडनला आणि यॉर्कशायरमध्ये कामे केली आणि 1727 साली तो गावी परतला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी बडी मंडळी तेव्हा बाथला मुक्कामाला येत. त्यांना भाड्याने चांगली घरे हवी असत. वुडचे भव्य आराखडे नगरपालिकेने नाकारले. मग त्याने स्वतःच भाडेपट्ट्याने जमीन घेतली, तिचे तुकडे पाडले आणि बांधकाम करणाऱ्यांना दिले. अट एकच : दर्शनी भिंत माझ्या नकाशाबरहुकूम, मागे तुम्हांला हवे ते बांधा. 1736 पर्यंत पुऱ्या झालेल्या क्वीन स्क्वेअरच्या उत्तर बाजूची सात घरे समोरून एकच प्रासाद वाटतात. वाटण्या झालेल्या वाड्यासारखेच म्हणा ना, दिंडी दरवाजा एक आणि आत चुली वेगळ्या!

माणूस थोडा छांदिष्टही होता. 1740 साली त्याने स्टोनहेंजची प्राचीन शिळावर्तुळे स्वतः मोजली. वर्तुळाचे हे वेड शेवटी 'सर्कस'मध्ये उतरले. जनावरांच्या खेळाशी या नावाचा संबंध नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच वर्तुळ. तीन कमानदार ओळींत 33 घरे, तीन मजल्यांना तीन तऱ्हांचे जोडखांब आणि पट्टीवर साप, अवजारे, वाद्ये अशी शेकडो कोरीव चिन्हे.

1754 च्या फेब्रुवारीत पाया घातला आणि मे महिन्यात वुड गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. उभ्या आयुष्याचे स्वप्न जमिनीतून जेमतेम वर आले होते.

ते पुरे केले मुलाने. त्याचेही नाव जॉन वुडच. 1768 पर्यंत वडिलांचे वर्तुळ त्याने मिटवले, आणि जवळच चंद्रकोरीच्या आकाराची 30 घरांची 'रॉयल क्रेसेंट' स्वतःच्या कल्पनेने उभारली. तिच्या दर्शनी भागावर 114 खांब आहेत. तिथेही कराराची अट वडिलांचीच : समोरून सगळी एक, मागे ज्याची त्याची मर्जी. मागच्या गल्लीतून पाहिले तर छपरे, खिडक्या, कशाचाच कशाला मेळ नाही.

एवढे करून मुलगा वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होते.

सर्कसच्या मधल्या चौकात थोरल्या वुडच्या आराखड्यात नुसती फरसबंदी होती, एकही झाड नव्हते. पुढच्यांनी तिथे झाडे लावली. ती आता इतकी वाढली आहेत की त्याचे पुरे वर्तुळ एका नजरेत मावत नाही.