मुळशीकरांच्या जमिनीसाठी लढलेले सेनापती बापट

मुळशी धरण म्हटलं की आज पावसाळी सहल आठवते. पण या पाण्याखाली गावं आहेत, आंबेमोहोर भाताची खाचरं आहेत. ती वाचवायला उभा राहिलेला माणूस म्हणजे पांडुरंग महादेव बापट.

जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. हुशार पोरगा, शिष्यवृत्तीवर थेट एडिंबरोला गेला. तिथून पॅरिस गाठून बॉम्ब बनवण्याची विद्या शिकला आणि १९०८ मध्ये परतला. पुढे भूमिगत राहणं, अटक, सगळं झालं.

खरी कसोटी मुळशीत लागली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दगडी कोळशाच्या वाफेवर चालायच्या. कोळशाला पर्याय म्हणून टाटा कंपनीने सह्याद्रीच्या पाण्यावर वीज काढायचं ठरवलं. धूर कमी होणार, वीज स्वस्त पडणार, हे खरंच होतं. पण निळा-मुळा संगमाजवळच्या धरणात पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. वीज मुंबईला, पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला, आणि मावळ्याच्या हाती काय? मोबदला!

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे कामावर चालून गेले, बायाबापड्याही मागे राहिल्या नाहीत. काम काही महिने थांबलं. बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. पण पुढे फूट पडली. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदला घेऊन मोकळं व्हायचं होतं. कसणाऱ्या कुळांचं मात्र सगळंच जात होतं. काम पुन्हा सुरू झालं, धरपकड झाली.

बापट तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिले. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली, पिस्तूल चालवलं. अहिंसेच्या लढ्यात हे बसणारं नव्हतं, हेही सांगायला हवं. सात वर्षांची सजा झाली.

ते आत असतानाच १९२७ मध्ये धरण पुरं झालं. १९३१ ला सुटले तेव्हा खाचरांवर पाणी चढलं होतं.

२८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले. मुंबईत परळ-दादरकडच्या ज्या गिरणगावासाठी ही वीज नेली, तिथल्याच एका मोठ्या रस्त्याला आज सेनापती बापट मार्ग म्हणतात.